पाच हजार चाळीस

नेदर विकिंगच्या चर्चच्या मनोऱ्यात सात घंटा, आणि प्रत्येकीच्या दोराला एकेक माणूस. सात घंटा जितक्या निरनिराळ्या क्रमांनी वाजू शकतात, तितके सगळे क्रम वाजवायचे. एकही दोनदा नाही आणि हातात कागद नाही. असे क्रम होतात पाच हजार चाळीस. वेळ तीन तास. तेवढ्यात कुरणातल्या गाई इतक्या गुंगतात की दूधही तालावर सोडतात. गवळी तशी शपथ घेतो.

हेस्टर ब्रिम्बल चाळीस वर्षं सर्वांत जड घंटा ओढत होती. क्रम बदलायच्या हाकाही तिच्याच. पूर्ण पाच हजार चाळीस मात्र तिच्या हातून कधी झाले नव्हते, आणि ते झाल्याशिवाय मनोऱ्यातल्या फळ्यांवर कुणाचं नाव रंगवत नाहीत. आता खांदा कुरकुरत होता. यंदा नाही तर कधीच नाही, हे तिला कळत होतं.

त्या शनिवारी अडीच तास सुरळीत गेले. मग खांद्यात चमक आली, जड घंटा उशिरा वाजली, आणि त्या गडबडीत अ‍ॅम्ब्रोज टकेट आणि मॉड पिंचबेक एकमेकांच्या जागी शिरले. खाली बाकांवर सायडर पिणारे माना डोलवतच राहिले. पण झालेलेच क्रम पुन्हा येऊ लागले होते, आणि ते फक्त हेस्टरला ऐकू आलं.

आणखी दहा क्रम तिनं तसेच वाजू दिले. मग म्हणाली, "थांबा."

"अगं, अर्धाच तास उरला होता," अ‍ॅम्ब्रोज कपाळ पुसत म्हणाला. "मोजायला कोण बसलंय?"

"मी बसलेय. तू आणि मॉड एकमेकांच्या घरात शिरलात."

"तीस वर्षांत पहिल्यांदाच," मॉड म्हणाली, "आणि तेही माझ्या नवऱ्यासमोर."

तिचा नवरा तिसऱ्या दोराशी उभा राहून हसला.

"चूक माझ्या खांद्याची," हेस्टर म्हणाली.

"मग पुढच्या शनिवारी जड घंटा मी ओढतो," अ‍ॅम्ब्रोज म्हणाला. "तू सर्वांत हलकी घे."

"ती नवशिक्यांची. म्हातारपणी मला पाळण्यात घालतोस होय रे?"

"पाच हजार चाळीसला सातानं भागून बघ ना," मॉड म्हणाली. "प्रत्येक घंटा सातशे वीस वेळा पहिली येते, सातशे वीस वेळा शेवटची. जड असो की हलकी. त्या आकड्याला कुणाचं वजन कळत नाही."

हेस्टरनं मनात भागून पाहिलं. मग आठानं, नवानं, दहानंही. कुठेच बाकी उरेना.

"अकरानं मात्र दोन उरतात," ती पुटपुटली.

"अकरा घंटा आहेत कुठं आपल्याकडे?"

पुढच्या शनिवारी हलक्या घंटेवरून हेस्टरनं पाच हजार चाळिसावा क्रम वाजवून घेतला. महिन्याभरात फळी लागली. नावं नेहमीप्रमाणे हलक्या घंटेपासून जड घंटेपर्यंत. सगळ्यांत वर हेस्टर, सगळ्यांत खाली अ‍ॅम्ब्रोज.

"हे तुला आधीच ठाऊक होतं," अ‍ॅम्ब्रोज म्हणाला.

"चाळीस वर्षं त्या फळ्यांसमोरच उभी राहिलेय," हेस्टर म्हणाली, आणि त्याचा पेला भरला.