नावाची जागा

"चोर आहेस तू," ती भिंतीला म्हणाली आणि शाई गाळायचं फडकं करकचून पिळलं. "माझ्याच घरात राहून माझाच नवरा पळवलास. आणि लोक म्हणतात, तुला सगळं ऐकू येतं!"

भिंतीपलीकडे कुणीतरी शिंकलं.

तिने जीभ चावली. पलीकडच्या खोलीत सकाळपासून नवा लहिया बसलाय, हे ती विसरूनच गेली होती. नवरा गेल्यापासून त्या खोलीतून कसलाच आवाज येत नव्हता, आणि तिला भिंतीशी भांडायची सवय लागली होती. भिंत उलटून बोलत नाही, एवढं एक सुख. पातेल्यात मायफळाचा काढा, हिराकस आणि डिंक मिळून काळाभोर रस झाला होता. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात ही शाई तिच्या नखांत शिरली होती, ती आत्ता कुठे निघत आली होती. आज नखं पुन्हा काळी झाली.

तिचा नवरा लहिया होता. यहुद्यांच्या धर्मग्रंथाची गुंडाळी छापून चालत नाही. कमावलेल्या कातड्याच्या पानांवर, पिसाच्या लेखणीने, अक्षर अक्षर उतरवावी लागते. मग पानं तातीने एकमेकांना शिवायची. सगळं तोंडपाठ असलं तरी मनाने लिहायचं नाही. समोरच्या प्रतीत बघायचं, शब्द मोठ्याने उच्चारायचा, आणि मगच तो कातड्यावर उतरवायचा. त्यामुळे नवी नवरी म्हणून ती या घरात आली तेव्हा नवऱ्याचा आवाज तिने जास्त ऐकला तो या भिंतीतून. काय आवाज होता तो! जेवताना मीठ मागायचा तर न तेल घातलेल्या फाटकासारखा करकरायचा. खोलीत गेला की त्याच घशातून मध. एकेक शब्द असा सोडायचा, जणू कुणाच्या कानाशी लागून बोलतोय. ती या बाजूला भांडी विसळत उभी, आणि तो पलीकडे कुणाशी तरी हितगुज करतोय.

"देवाने डोंगरावर आपल्याला शब्द दिला ना," त्याने तिला एकदा कौतुकाने सांगितलं होतं, "तो दिवस म्हणजे लग्नाचा दिवस असं जुनी माणसं म्हणतात. तो वर, आपण वधू."

"म्हणजे तुमचं आधीच झालेलं होतं म्हणा की," ती म्हणाली होती. "मला सवतीवर दिलीय, हे माझ्या बापाला कुणी सांगितलं नाही."

तो पोट धरून हसला होता. तेव्हा तो हसायचा. ती मात्र पुढे कितीतरी वर्षं त्या थट्टेचा हिशेब मनातल्या मनात मांडत राहिली. साधी सवत असती तर तिच्या झिंज्या तरी उपटता आल्या असत्या.

सकाळी नव्या लहियाला घेऊन प्रार्थनालयाचे विश्वस्त आले होते. त्यांना सगळे किल्लीवाले म्हणत. कमरेला जुडगा, आणि त्यातल्या निम्म्या किल्ल्यांची कुलपं कधीच मोडीत गेलेली. त्यांनी बसायच्या आधीच विषय काढला.

"वहिनी, स्पष्टच बोलतो. शेवटच्या पानांत लहियांनी देवाचं नाव एकदाही लिहिलेलं नाही. जिथे जिथे नाव यायला हवं, तिथे कोरी जागा. लोक विचारतात."

"काय विचारतात?"

"की त्यांची श्रद्धा उडाली होती का. आजारपणात होतं असं, मी दोष देत नाही. पण श्रद्धा उडालेल्या माणसाच्या हातचं आम्हाला चालत नाही. देवाचे शब्द फेकता येत नाहीत, पानं बाद करून मातीत पुरावी लागतील. सगळी, आधीची शिवलेलीसुद्धा."

"पुरा की. माणूस पुरलात, पानांचं काय एवढं!"

"तसं नव्हे, वहिनी. इतकी वर्षं एका घरात होतात. तुम्हाला ठाऊक असणारच."

"एका घरात होते, भाऊजी. त्या खोलीत नव्हते."

किल्लीवाले जुडगा खुळखुळवत उठले. संध्याकाळपर्यंत नवा लहिया पानं बघून काय ते सांगेल, तो म्हणेल तसं करू, असं म्हणून गेले. मला काय त्याचं, असं ती स्वतःशी पुटपुटली. आणि कुणी सांगितलेलं नसताना तिने डब्यातून मायफळं काढली, खलबत्त्यात कुटली आणि शाईचं पातेलं चुलीवर चढवलं. हात आपोआप चालत होते. डोक्यात एकच गोष्ट ठणकत होती. पानं पुरली, म्हणजे त्या माणसाने खोलीत बसून केलं ते सगळं फुकट. मग मला ज्याच्यापायी बाजूला टाकलं होतं, ते तरी काय होतं?

"काकू, थोडं पाणी?"

नवा लहिया दारात उभा होता. तरणा, चष्म्याच्या काचांवर धूळ, कातड्याच्या भुशाने नाक कायमचं लाल झालेलं. भिंतीशी चाललेलं भांडण त्याने ऐकलं असणार, पण चेहऱ्यावर तसं काही दाखवलं नाही. तिने त्याला पेला दिला.

"झालं का बघून? पुरायची का?"

"तेच विचारायला आलोय." त्याने पाणी एका दमात संपवलं. "कोऱ्या जागा मी मोजल्या, मापल्या. श्रद्धा उडालेला माणूस इतक्या निगुतीने जागा सोडत नाही. नाव नेमकं मावेल एवढी जागा आहे, प्रत्येक ठिकाणी. भरायचीच होती ती. राहून गेली."

"मग प्रश्न मिटला."

"नाही मिटत. का राहिली, हे किल्लीवाले विचारणार. आणि मला दुसरंच काहीतरी खटकतंय." त्याने नाक पुसलं. "आधीच्या पानांवर नावं आहेत, पण तीही मागाहून भरलेली आहेत. शाई एखादी छटा गडद. कुठे नाव ऐसपैस बसलंय, कुठे अंग चोरून. काही लहिये असं करतात, त्यात गैर काही नाही. बाकीचा मजकूर लिहून ठेवायचा, आणि मन, शरीर शुद्ध असेल अशा दिवशी सगळी नावं एकदम भरायची. पण तुमचे लहिये तसे नव्हते."

"तुम्हाला काय माहीत ते कसे होते?"

"आमच्याकडे त्यांची एक जुनी गुंडाळी आहे. तिची डागडुजी माझ्याकडे असते. तिच्या सुरुवातीला नावं कशी, ओघात! मागच्या शब्दाच्या श्वासातच नाव आलेलं. नंतर वाळवंटातल्या दासीची गोष्ट येते, आणि तिथून पुढे प्रत्येक नाव मागाहून भरलेलं."

तिने फडकं पातेल्यात टाकलं. "कुठली दासी?"

"ती हो, मालकिणीच्या जाचाने पळून गेलेली. पोटुशी. झऱ्यापाशी दूत तिला गाठतो आणि सांगतो, तुझा आकांत देवाच्या कानी पोचलाय. त्या ओळीतलं नाव त्यांनी ओघात लिहिलेलं शेवटचं. आणि ते हललंय, काकू. किंचित. त्यांचं हललेलं अक्षर मी आयुष्यात तेवढं एकच पाहिलंय."

ती खाली बसली. स्टूल होतं म्हणून बरं.

तेव्हा तिला सातवा महिना होता. न्हाणीत पाय घसरला आणि पाण्यात लाल धार दिसली. भिंतीपलीकडून तो मधाळ आवाज चालू होता, आणि नेमका तेव्हाच तो थांबला, कारण नाव आलं होतं. नाव लिहायच्या आधी लहिया ठरलेलं वाक्य मोठ्याने म्हणतो, की हे मी त्याच्या पवित्र नावासाठी लिहितो. त्यानंतर नाव पुरं होईपर्यंत त्याने तोंड उघडायचं नाही. राजाने दारात येऊन विचारपूस केली तरी नाही. नाव बिघडलं तर ते खोडता येत नाही, पान पुरावं लागतं. तिने हाक मारली. अहो! पुन्हा मारली. अहो, ऐकताय ना? ओ आली नाही. आली ती लेखणी खाली ठेवल्यावर.

मुलगी होती, वाचली नाही. दोन मिनिटं आधी आले असतात तरी काही फरक पडला नसता, असं डॉक्टरीणबाईंनी स्वच्छ सांगितलं. तो खाटेशी उभा राहिला आणि म्हणाला, "नाव अर्ध्यावर होतं." बस. त्यावर ती काही बोलली नाही. तेव्हाही नाही, नंतरही नाही. फक्त त्या दिवसापासून तिने त्याला हाक मारली नाही. काही हवं असलं तर दारापर्यंत जायची, उभी राहायची. आणि घरी आल्यावर पहिल्याच आठवड्यात तिने स्वयंपाकघरात रेडिओ आणून ठेवला. भाव, हवामान, गाणी, काय वाट्टेल ते लावायची, पण भिंतीतून येणारा तो आवाज झाकायची.

"नावं भरायचा त्यांचा ठरलेला दिवस होता का काही?" नवा लहिया विचारत होता. "ते वाक्य मोठ्याने म्हणावं लागतं. तुम्हाला ऐकू आलं असेल."

"मी रेडिओ लावत असे."

"मग एखादा वार? आठवून बघा. त्या दिवशी ते जरा वेगळे वागत असतील, कुणाला येऊ देत नसतील..."

"बुधवारी मी घरात नसायचे," ती म्हणाली, आणि आपणच उच्चारलेले शब्द तिला कुणीतरी पलीकडून सांगावेत तसे ऐकू आले.

दर बुधवारी तो सकाळीच मागे लागायचा. जा ना बहिणीकडे. चांगली दिवसभर राहा. जेवूनच ये. मी माझं वाढून घेतो. तिला राग यायचा. घालवतोय मला, त्याच्या देवाशी एकांत हवाय म्हणून घालवतोय, असं तिने बहिणीला कितीदा रडून सांगितलं होतं. बहीण म्हणायची, पुरुषांचं असंच असतं, घे, खा. आणि शेवटच्या वर्षी, अंथरुणावरून उठून कसाबसा टेबलापाशी बसायचा तेव्हाही, बुधवार आला की तेच. जा ना आज बहिणीकडे. ती त्याचं औषध ढवळत असायची. एकदा तिचं डोकंच फिरलं.

"एवढा जाच होतो का माझा? मरायच्या वेळेलासुद्धा मी घरात नको?"

त्याने तोंड भिंतीकडे वळवलं होतं. ती गेली नाही. त्या बुधवारी नाही, पुढच्या एकाही बुधवारी नाही. माणूस असा पडलेला असताना कोण जातं?

"काकू? बरं वाटत नाहीये का?"

"सांगायला काय झालं होतं?" ती एकदम म्हणाली. नवा लहिया दचकला. "जगातला एकेक शब्द मोठ्याने उच्चारणारा माणूस! बायकोला एक वाक्य उच्चारता येत नव्हतं? इतकी वर्षं? मला बाहेर पाठवून नाव लिहीत होता, हे..." मग तिने पदराने नव्हे, त्या शाईच्या फडक्यानेच तोंड पुसलं, आणि गालावर काळा फराटा उमटला.

नव्या लहियाने खिशातून रुमाल काढला, तो स्वतःच्या नाकासाठी वापरलेला आहे हे लक्षात आलं आणि परत खिशात कोंबला.

"किल्लीवाल्यांना सांगा," ती म्हणाली, "श्रद्धा जागच्या जागी होती. घर रिकामं होत नव्हतं म्हणून नावं राहिली. मी घरात होते."

"म्हणजे?"

"एवढंच सांगा. तेवढं पुरे."

त्याला समजलं की नाही कोण जाणे, पण त्याने मान हलवली. "मग आजच सुरुवात करतो. न्हाऊनच आलोय. शाई तेवढी..."

"तयार आहे. त्याच हातची आहे, जुळेल."

शाईची दौत घेऊन तो दाराशी गेला आणि घुटमळला. "काकू, त्यांची रीत होती म्हणून विचारतो. तुम्ही बहिणीकडे जाणार का? म्हणजे मला अडचण काही नाही. फक्त नाव लिहिताना तुम्ही हाक मारलीत, तर मला ओ देता येणार नाही."

"तुम्हाला कोण हाक मारतंय? बसा तुम्ही."

दार लोटलं गेलं. खुर्ची सरकल्याचा आवाज आला, मग लेखणी तासल्याचा. तिने पातेलं खाली उतरवलं. हात सवयीने रेडिओकडे गेला. बटणापर्यंत पोचला आणि तिथेच थांबला. खिडकीतून दुपारचं ऊन ओट्यावर आलं होतं.

भिंतीतून आवाज आला. हा आवाज मधाचा नव्हता, सर्दीने चोंदलेला होता, पण शब्द तेच होते. एक शब्द. दुसरा. मग ते वाक्य, की हे मी त्याच्या पवित्र नावासाठी लिहितो. आणि मग काही नाही. तीच ती शांतता, जशी न्हाणीत ऐकली होती तशी.

तिने काळा पंजा भिंतीवर टेकवला.

"अहो!"

इतक्या वर्षांत तो शब्द तोंडात आला नव्हता. तो गंजलेला निघाला. तिने घसा खाकरला आणि पुन्हा हाक मारली, शेजारच्या घरात जाईल एवढ्या मोठ्याने.

"अहो, ऐकताय ना?"

पलीकडे लेखणी कातड्यावर हळूहळू चालत होती. थांबली नाही. थांबायची नव्हतीच.

"आता तर लिहीत नाही ना तुम्ही? आता तर तुम्ही आणि तुमचा देव, दोघं एकाच ठिकाणी आहात. मग दोघांपैकी कुणीतरी ओ द्या."