कडी अलीकडून

रविवारची उपासना आटोपून वेल्डर आणि त्याची बायको घरी आली, तर वेल्डरचा धाकटा भाऊ पायरीवर बसलेला. कित्येक वर्षांनी. तिने आधी त्याच्या तोंडाचा वास घेतला, मग चेहऱ्याकडे पाहिलं. वास नुसता साबणाचा होता. त्याने तिचा संशय कमी झाला नाही, उलट वाढला.

"वहिनी, पिणं सुटलं," तो म्हणाला. "देवाचं राज्य आलंय. मी त्यात राहायला लागलोय."

"मग इथे कशाला आलास?"

"माझा अर्धा भाग इथेच आहे ना."

झालं. तिच्या मनात पाल चुकचुकली. वेल्डर सरळ आत गेला.

घर वडिलांनी दोघांना अर्धं अर्धं दिलं होतं; विकायचं तर आईचा अंगठा लागायचा. धाकटा फरशी बसवायचा. हातात कसब, पण दिवस कलला की बाटली. एकदा झिंगून झोकांडी खाल्ली आणि आईला घेऊनच पडला. आईच्या खुब्याचं हाड मोडलं, ती पुन्हा धड चालली नाही. वेल्डरने लागलीच घराच्या मधोमध भिंत घातली, आणि धाकटा तोंड लपवून निघून गेला.

वेल्डर देवभीरू माणूस. देवाचं राज्य येऊ दे, अशी प्रार्थना केल्याशिवाय जेवायचा नाही. ते येईल तेव्हा काय होईल हेही त्याला पक्कं ठाऊक होतं: डोळे पुसले जातील, न्याय होईल, भाऊ भावाला मिठी मारेल. पण ते सगळं तेव्हा. आत्ता भिंत.

धाकटा पलीकडच्या बंद खोल्या झाडून तिथे राहू लागला. दुपारी भिंतीतून टकटक ऐकू यायची. वेल्डरची बायको शाळेचे गणवेश शिवायची. मशीन थांबवून ती कान देई. मशीन थांबलं की टकटकही थांबे. मग एके दिवशी तिने बाहेरून, त्याच्या खिडकीतून, त्याला गवंड्याबरोबर पाहिलं. दोघं टेप लावून मधली भिंत मोजत होते.

"पाणी मुरतंय कुठेतरी," तिने नवऱ्याला सांगितलं. "घर विकायचा डाव असेल. आईंचा अंगठा घ्यायला आलाय."

"माहितेय मला. सोळा आणे खोटा माणूस."

त्यात एक चमचा हरवला. तिला तो सापडला सासूच्या उशीखाली. म्हातारीची खाट त्याच भिंतीला लागून होती, आणि चमच्याच्या टोकाला चुना लागला होता.

"आई, हे काय?"

"तो वाजवतो, मी वाजवते," सासू म्हणाली. चोरी करताना सापडलेल्या मुलीसारखं तिने तोंड भिंतीकडे फिरवलं. "जेवलास का, एवढंच विचारते. त्याला कळतं की नाही, देव जाणे."

त्या संध्याकाळी वेल्डरने भावाला बोलावून घेतलं. आत न घेता, दारातच.

"भिंत का मोजतोस?"

"दार करायचंय. आईच्या खाटेशेजारी. तिच्या खुर्चीची चाकं जातील एवढं."

"म्हणजे आज दार, उद्या घर."

"दादा, घर तुझं. लिहून हवं तर लिहून घे. मला फक्त तिला उन्हात न्यायचंय, माझ्याकडे खिडकीतून दुपारचं ऊन येतं."

"प्रभू येईल तेव्हा सगळ्या भिंती पडतील," वेल्डर म्हणाला. "तोवर सगळ्यांनी आपापल्या जागी राहावं."

"सगळ्या पडतील तेव्हा पडतील. तोवर एक दार करू."

"तोंड चालतंय तुझं. पूर्वी बाटली चालायची."

आतून म्हातारीचा आवाज आला. "त्या दिवशी मी असेन की नसेन, ते प्रभूला विचारून ठेवलंय का कुणी?"

वेल्डर आत गेला आणि स्वतःचा टेप घेऊन आला.

दार झालं. धाकट्याने भिंत फोडली आणि फरशी अशी बसवली की उंबरठा पायाला लागतही नव्हता. दार मात्र वेल्डरने स्वतः बनवलं, लोखंडी; परक्याच्या हातचं त्याला नको होतं. कडी अलीकडून, त्याच्या बाजूने. पलीकडून नुसती मूठ. धाकट्याने पाहिलं आणि म्हणाला, "बिजागऱ्या छान झाल्यात."

रोज दुपारी तो आईला खुर्चीत घालून उन्हात न्यायचा. वेल्डरची बायको दर दोन मिनिटांनी एखादं काम काढून पलीकडे डोकावायची. कधी तो आईची नखं कापत असे, कधी दोघं नुसती उन्हात बसलेली. कागद नाही, शाई नाही. तिला उगीच चिडल्यासारखं व्हायचं.

मग एका दुपारी तो आलाच नाही. म्हातारी केस विंचरून बसून राहिली. वेल्डर कामावरून लवकर आला होता. "बघितलंस?" तो बायकोला म्हणाला, आणि दोघं दार उघडून पलीकडे गेली.

धाकटा जमिनीवर बसला होता. बाटली अर्धी झालेली. डोळे लाल.

वेल्डरच्या बायकोने इतके दिवस याचीच वाट पाहिली होती. पण जीभ उचलेना. तरी ती म्हणाली, "राज्य आलंय म्हणत होतास ना?"

"आलंय, वहिनी," तो कसाबसा म्हणाला. "मीच अजून पुरता आलेलो नाही."

वेल्डरने बाटली उचलून मोरीत ओतली. मग तो अलीकडे आला आणि त्याने दार ओढलं. त्याचा हात कडीवर गेला.

"आला का तो?" म्हातारीने विचारलं.

वेल्डरने कडीवरचा हात काढला. मग त्याने दार पुन्हा सताड उघडलं, स्टूल ओढलं आणि बरोबर मध्ये बसला, तोंड भावाकडे करून. "आला नाही, आई," तो म्हणाला. "येईल. मी बसलोय इथे."

तो राखणीला बसला होता की सोबतीला, ते बायकोला कळेना. तिने दोघांसाठी चहा टाकला. धाकट्याचा कप त्याच्या हातात देताना तिने पुन्हा एकदा वास घेतला.

पुढे तो आणखी एकदा घसरला, आणि मग बरेच महिने नाही. कडी त्या दाराला आजही आहे.