डेलरॉयचा खांदा

आमच्या क्लबातल्या पुरुषांना बेरीज येत नव्हती म्हणून मी स्कोअरर झाले. सगळे इंजिनियर, आठवडाभर गाड्यांच्या ब्रेकची गणितं मांडणारे, पण रविवारी कुणाच्या किती धावा झाल्या यावरून शाळकरी पोरांसारखे भांडायचे. शेवटी मी म्हटलं, ती वही द्या इकडे. माझा नवरा नरेंद्र त्या टीमचा विकेटकीपर. झेल सोडण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. अमेरिकेतल्या ट्रॉय गावात एका शाळेच्या मैदानावर चटई अंथरून ही मंडळी खेळायची आणि मी फोल्डिंगच्या खुर्चीत पेन्सिल घेऊन बसायचे. सांगतेय ती गोष्ट १९८५ सालची.

त्या मोसमात आमच्याकडे डेलरॉय पिनॉक आला. जमैकाचा, चौतीस वर्षांचा, एका कार प्लांटच्या पेंट शॉपमध्ये कामाला. त्याआधी तो पलीकडच्या गोऱ्या इंग्रजांच्या क्लबात गेला होता. तिथे त्याला सांगितलं, आमची यादी भरली. पुढच्याच आठवड्यात त्यांनी एक नवा इंग्रज घेतला, ज्याला बॅट कुठून धरायची तेही धड कळत नव्हतं. हे ऐकून आमचे लोक काय चवताळले! आमचा कॅप्टन उल्हास छाती काढून म्हणाला, आपण नाही बुवा तसले. मलाही तेव्हा केवढा अभिमान वाटला होता. आता आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत द्यावीशी वाटते.

डेलरॉयची बोलिंग म्हणजे बघत राहावं अशी. समोरच्याला चेंडू दिसायच्या आत स्टंप उडालेला असायचा. ऑगस्टच्या मध्यापर्यंत त्याच्या एकेचाळीस विकेट्स झाल्या. त्याच्या खालोखाल उल्हास, एकोणीस. माझ्या हाताने लिहिलेले आकडे आहेत, मनचे नाहीत. मॅच संपली की तो माझ्याशेजारी गवतात बसायचा, वही पुन्हा पुन्हा बघायचा आणि माझ्या डब्यातले साबुदाणा वडे मागून खायचा.

सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी येणाऱ्या लेबर डेच्या जोडसुट्टीत शिकागोला टूर्नामेंट होती. पुढच्या उन्हाळ्यात इंग्लंडला जाणारी अमेरिकेची टीम तिथल्या मॅचेस बघून निवड समिती ठरवणार होती. डेलरॉयने मला एकदाच सांगितलं होतं, की ऐन उमेदीत तो जमैका सोडून आईबरोबर इकडे आला आणि मग दहा वर्षं त्याला क्रिकेटच मिळालं नाही. आता चौतिशी आली, गुडघे बोलायला लागले. एकदा मोठ्या टीमकडून खेळायचं, बस, एवढंच त्याला हवं होतं. त्याने जुलैतच त्या दोन दिवसांची रजा टाकून ठेवली होती.

आता आपल्या लोकांची पद्धत माहीतच आहे. परगावी गेलं की आपण हॉटेलात उतरत नाही, मराठी घरात उतरतो. ओळख असो नसो, बेसमेंटमध्ये गाद्या घातलेल्या असतात आणि सकाळी पोहे मिळतात. उतरायची सोय करणं माझ्याकडे असायचं. शिकागोजवळ माझी कॉलेजातली मैत्रीण मालिनी राहायची. तिने तेरा जणांची तीन घरांत सोय लावली. फोनवर आमचं नेहमीसारखं चाललं होतं, कोण शाकाहारी, कुणाला तिखट चालत नाही, कोण घोरतो. आणि शेवटी, कुणी विचारलेलं नसताना, मी म्हणाले, "आणि हो, एकजण काळा आहे हं, जमैकाचा. पण अगदी चांगला आहे."

कुणी विचारलं होतं मला? उल्हास अगदी चांगला आहे असं मी सांगितलं नव्हतं. नरेंद्रची हमी दिली नव्हती. बारा जणांबद्दल मी कोण काय खातो, कोण घोरतो तेवढंच बोलले आणि तेराव्याबद्दल आधीच सावध केलं. वर मला वाटत होतं, आपण किती मोकळेपणाने बोललो.

मालिनी म्हणाली, अगं, आमच्या बेसमेंटशेजारीच मुलींची खोली आहे. मी म्हटलं, बरं, दुसऱ्या घरी ठेवू. संध्याकाळपर्यंत दुसऱ्या घरी सासूबाई आजारी पडल्या आणि तिसऱ्या घराचं बाथरूम बिघडलं. एका दिवसात! मालिनीने मग उल्हासलाच परस्पर फोन केला, की बाकी बाराजण खुशाल या.

दोन दिवसांनी आमच्याच दिवाणखान्यात टीम ठरली. डेलरॉय नव्हता. उल्हास म्हणाला, टीमचा बॅलन्स बघावा लागतो. मी चहाचा ट्रे तिथेच आदळला आणि वही उघडून त्याच्या नाकासमोर धरली. एकेचाळीस विकेट्स कुठल्या बॅलन्सला नको असतात ते सांगा म्हटलं. मग हळूहळू खरं बाहेर आलं. उतरायचा प्रॉब्लेम आहे. मी म्हटलं, त्याला मोटेलमध्ये ठेवू. तर म्हणे, सगळे घरी आणि एकटा मोटेलमध्ये, ते बरं दिसत नाही. म्हटलं, मग सगळेच मोटेलमध्ये राहा. तर म्हणे, मालिनीताईंना काय वाटेल? म्हणजे बारा घोड्यांना पोहे मिळाले पाहिजेत, मग एका माणसाच्या आयुष्याचं काहीही होवो! नरेंद्र मला म्हणाला, "वसू, तू स्कोअरर आहेस, सिलेक्टर नाहीस." त्या रात्री मी त्याच्याशी बोलले नाही आणि पुढे आठवडाभरही नाही.

डेलरॉयला उल्हासने पार्किंग लॉटमध्ये सांगितलं. बोलता बोलता त्याच्या तोंडातून उतरायच्या जागेचा विषय निसटलाच. त्यावर डेलरॉय म्हणाला, मी माझ्या गाडीत झोपतो, मागची सीट आडवी होते. उल्हास म्हणाला, छे छे, असं कसं, लोक काय म्हणतील. ही हकीगत उल्हासनेच आम्हाला हसत हसत सांगितली, डेलरॉय किती भाबडा म्हणून. चौतीस वर्षांचा माणूस गाडीत झोपायला तयार होतो आणि यांना तो भाबडा वाटतो!

मी शिकागोला जाणार नव्हते. मग ठरवलं की जायचंच, वही घेऊन जायचं आणि निवड समितीसमोर उघडी टाकायची. शनिवारी सकाळी समितीतले एक वयस्क इंग्रज गृहस्थ माझ्याच टेबलाशी येऊन बसले. पांढऱ्या मिशा, हातात डायरी. त्यांनी डेलरॉयचं नाव ऐकलं होतं. उल्हास तिथे आला तेव्हा त्यांनी विचारलं, तुमचा तो फास्ट बोलर कुठे आहे? उल्हास एक क्षणही न अडखळता म्हणाला, त्याचा खांदा दुखावलाय. ते म्हणाले, अरेरे, उद्या सकाळी चार ओव्हर टाकल्या असत्या तरी मी बघितलं असतं.

हे ऐकलं आणि मी पेन्सिल शेजारच्याच्या हातात कोंबून उठले. पार्कच्या ऑफिसबाहेर फोन होता. डेलरॉय घरीच सापडला. रजा मंजूर झालेली होती ना, बसला होता बिचारा घरी. मी एका दमात सगळं सांगितलं. पाच तासांचा रस्ता आहे, आत्ता निघ, उद्या सकाळी ते तुला बघतील.

त्याने विचारलं, "कॅप्टनने बोलावलंय का?"

मी म्हटलं, नाही, मी बोलावतेय.

"मग माझ्या हातात बॉल कोण देणार, मिसेस दाते?"

मी म्हटलं, मग मी आत्ता जाऊन त्यांना खरं सांगते. खांदाबिंदा काही नाही, आमच्या लोकांनी तुला घरात घेतलं नाही म्हणून तू इथे नाहीस, हे सगळ्या मैदानासमोर सांगते. त्याने मला थांबवलं. मग म्हणाला, "एक सांगा. त्या घरांतल्या कुणी मला कधी पाहिलेलं नाही. त्यांना कळलं कसं?"

खोटं बोलता आलं असतं. मालिनीवर ढकलता आलं असतं, उल्हासवर तर सहजच. पण म्हटलं, "मी सांगितलं."

फोनमध्ये नाणी टाकायची वेळ आली, मी टाकली. मी सॉरी म्हणाले, दोनदा म्हणाले. शेवटी त्याचा आवाज आला, अगदी शांत, आणि तेच मला जास्त लागलं. त्याने शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

"खांदा तसाच राहू द्या," तो म्हणाला. "जखमी माणसाला पुढच्या वर्षी बोलावतात. ज्याच्यामुळे भांडण झालं त्याला कुणी बोलावत नाही. मी हे आधी बघितलंय. तुमचा राग तुमच्याकडे ठेवा, प्लीज."

पुढच्या वर्षी पस्तीस. त्याला माहीत होतं, मलाही माहीत होतं. इंग्लंडला जाणारी टीम तर त्या दोन दिवसांतच ठरणार होती. तरी त्याचं जे गेलं ते माझ्यामुळे गेलं होतं आणि उरलेलं कसं राखायचं ते ठरवायचा हक्क त्याचाच होता, माझा नव्हे. मी फोन ठेवला.

टेबलाशी परत आले तर ते गृहस्थ डायरी उघडून बसले होते. माझ्याकडे वळून म्हणाले, "तुम्ही सगळी नोंद ठेवता म्हणे. पिनॉकच्या खांद्याचं काय वाटतं तुम्हाला? पुढे खेळेल?" उल्हास शेजारीच उभा होता. माझा स्वभाव त्याला चांगला माहीत, त्यामुळे चेहरा पार उतरलेला. वही माझ्यासमोर होती, एकेचाळीस विकेट्सची, आणि सगळं खरं माझ्या जिभेवर होतं.

"खेळेल," मी म्हणाले. "खांदा बरा होतोय."

त्यांनी ते लिहून घेतलं. उल्हास खाली वाकला आणि माझ्या कानाशी हळूच मराठीत म्हणाला, "थँक्स, वहिनी. क्लबची अब्रू राखलीत."