ठोक्यामागची घरघर

मित्रांनो, आमच्या काकांनी एका पत्राला बरेच दिवस उत्तर दिलं नव्हतं, आणि त्याला कारण होतो मी. मी एक जुना स्पीकर आहे. काकांच्या रेकॉर्डच्या दुकानात, दारासमोरच्या कोपऱ्यात उभा असतो.

माझी पेटी अक्रोडाच्या लाकडाची. आत जाड कागदाचा गोल पडदा आहे. तो थरथरला की आवाज निघतो. काकांनी मला मोठ्या हौसेने आणलं. सुरुवातीला ते पुढची जाळी काढून मला आतूनही साफ करत. पुढे फडकं बाहेरूनच फिरू लागलं. मी चकचकीत दिसत होतो, म्हणून आत डोकावण्याचं कुणाच्या मनात आलं नाही.

दुकानात टेक्नोचे शौकीन जमत. टेक्नो म्हणजे यंत्रांवर रचलेलं संगीत. एकसारखा ठोका आणि त्यावर हळूहळू रंग बदलणारे आवाज. रेकॉर्ड किती सफाईने घडवली आहे यावरून ही मंडळी हमरीतुमरीवर येत. दातांच्या डॉक्टरीणबाई आणि शिंपीदादा त्यात आघाडीवर. पण कान काय तयार! दोन ठोक्यांमधली शांतता किती मोकळी आहे, हे ती दोघं डोळे मिटून सांगत. मला त्यांचं फार कौतुक वाटे.

एकदा एका नवख्या संगीतकार बाईंनी आपली पहिली रेकॉर्ड पाठवली. सोबत पत्र होतं: ‘खालचा ठोका पाण्यासारखा नितळ ठेवला आहे. तसा पोचतो का? तुमचा शब्द आला तरच पुढची रेकॉर्ड करीन.’

काकांनी ती लावली. प्रत्येक ठोक्यामागे घरघर!

“ढिसाळ काम,” शिंपीदादा म्हणाले. “शिवण उसवलीय.”

“अहो, मुद्दाम घातलीय ती! केवढं धाडस!” डॉक्टरीणबाई उसळल्या.

“मग नितळ कशाला लिहिलं?”

“थट्टेने. तुम्हाला थट्टा कळते कधी?”

काकांना खोटं लिहवेना आणि खरं लिहिलं तर त्या नवख्या बाईंचा धीर सुटेल. शिवाय ‘माझेच कान गेले असतील’ ही धास्ती होतीच. पत्र गल्ल्याशेजारी पडून राहिलं. वाद मात्र रंगत गेला. डॉक्टरीणबाई ती घरघर ऐकवायला आपल्या मैत्रिणींना घेऊन येऊ लागल्या!

मित्रांनो, मी लाजेने अर्धा झालो होतो. माझ्या पडद्याची कड चिरली होती. बाकीच्या रेकॉर्डींत इतका खोल ठोका नव्हता, म्हणून माझं दुखणं झाकून राहिलं होतं. पण मला बोलता कुठे येतं?

एका दुपारी काकांची थोरली बहीण आली. तिने आपली आवडती ऑर्गनची रेकॉर्ड लावायला सांगितली. ऑर्गन खालच्या सुरात उतरला आणि मी घरघरलो.

“अरे, ही मी लहानपणापासून ऐकतेय,” ताई म्हणाली. “हिला खोकला कधीपासून झाला?”

डॉक्टरीणबाई आणि शिंपीदादा वाद सोडून माझ्याकडे वळली. काकांनी धावत येऊन माझी जाळी काढली.

“म्हणजे मी इतके दिवस फाटक्या कागदावर फिदा होते?” डॉक्टरीणबाई पुटपुटल्या.

“आणि मी त्याच्यावरच डाफरत होतो,” शिंपीदादा हसले.

मग दोघं प्रथमच एकमताने कामाला लागली. दादांनी मऊ चामड्याची गोल पट्टी कापली. बाईंनी दात भरावा तशा अलगद हाताने ती चिकटवली. डिंक वाळेपर्यंत काकांनी कुणाला मला हात लावू दिला नाही.

मग ती रेकॉर्ड पुन्हा लागली. खोल, गोल, स्वच्छ ठोका माझ्यातून निघाला. त्यामागची शांतता इतकी नितळ होती की वाद घालणारी मंडळी शेवटपर्यंत एक शब्द बोलली नाहीत.

तेवढ्यासाठीच सांगतो मित्रांनो, आम्हा जुन्या वस्तूंना अधूनमधून आतूनही पाहत जा. आमचं दुखणं भलत्याच्याच माथी बसतं.

काकांनी तिथेच उत्तर लिहिलं: ‘नितळ पोचला. उशीर आमच्या स्पीकरमुळे झाला. पुढची नक्की करा.’ मग ते रस्ता ओलांडून गेले, पत्र टपालपेटीत टाकलं, आणि नीट आत पडलं की नाही ते वाकून दोनदा पाहिलं. मी काचेतून पाहत होतो.