दरसाल तेच खड्डे

जाहिदाचं पत्र मला १९९९च्या जूनमध्ये आलं. त्याला मी सात वर्षं उत्तर दिलं नाही. विसरलो असं म्हणता येणार नाही. पत्र शब्दकोशात ठेवलं होतं आणि शब्दकोश मी रोज उघडतो.

तिनं लिहिलं होतं, "सर, डी.एड.ला माझा नंबर लागलाय. संस्था म्हणते, पूर्णवेळ शिबिरांचं काम कर. दोन्ही जमणार नाही. अब्बांनी माझ्यावर सोपवलंय. हिर्डोशीत आम्ही तीन वर्षं खपलो, त्यातलं काही उरलंय का? तुमचा अहवाल वाचला. पण तुमच्या मनातलं दोन ओळींत कळवा. पंचवीस तारखेच्या आत."

जाहिदा ज्या भोरच्या वाचनालयात पुस्तकं न्यायला यायची, तिथून मी तेव्हा नुकताच निवृत्त झालो होतो. युवक शिबिरांचा गावाला काय उपयोग झाला, हे पाहायला संस्थेला कुणीतरी बाहेरचा हवा होता. मे महिन्यात मी हिर्डोशीला गेलो. अनोळखी माणसांशी बोलायची मला भीती वाटते, म्हणून प्रश्न छापील आहेत याचं बरं वाटलं. प्रत्येक घरी चहा मिळाला आणि प्रत्येक घरी एकच उत्तर, "लई चांगलं काम झालं."

मुलांनी सांडपाण्यासाठी शोषखड्डे खणले होते. शेवटच्या घरी मी ठकुबाईंना म्हटलं, जरा दाखवता का?

"तुमी उभं हायसा न्हवं, त्याच्याखालीच हाय."

"बुजवले?"

"दरसाल बुजवतो. शेरडू पडलं म्हंजी?"

"मग पुढच्या शिबिरात मुलं..."

"हितंच खणत्यात. बाकी समदा कातळ हाय, गुरुजी. पोरं एवड्या लांबनं येत्यात, त्यास्नी काम नगो?"

त्यांचे मालक कोंडिबा ओट्यावरून हसले. "औंदा म्या धोंडं कमीच घातलं. कालेजातली पोरं, हाताला फोड येत्यात."

"पण मला तर सगळ्यांनी चांगलं झालं म्हणून सांगितलं."

"आवो, पावण्याच्या लेकरांस्नी नावं ठिवायची व्हय?" ठकुबाई खरोखरच दुखावल्या. मग पुन्हा चहा ठेवायला आत गेल्या.

संस्थेच्या कागदावर छत्तीस खड्डे होते. जागा बाराच, आणि बाराही बुजलेल्या. अहवालात मी लिहिलं, ग्रामस्थ समाधानी आहेत. ते खोटं नव्हतं. खड्ड्यांच्या रकान्यात संस्थेचा आकडा उतरवला.

पत्राला काय लिहायचं होतं ते मला माहीत होतं. पण एका गावावरून एका मुलीचा रस्ता ठरवणारा मी कोण, असं वाटत राहिलं. दुसऱ्या गावांत वेगळं असेल. मलाच नीट कळलं नसेल. पंचवीस तारीख उलटली तेव्हा सुटल्यासारखं वाटलं, हेही सांगायला हवं.

गेल्या आठवड्यात स्टोव्ह दुरुस्तीला घेऊन गेलो. दुकान जाहिदाच्या वडिलांचं, अल्लाउद्दीनभाईंचं. त्यांनी स्टोव्हमध्ये पिन घातली, तेवढ्यात मी विचारलं, "जाहिदा कुठं असते हल्ली?"

"वेल्ह्याला. शिबिरांचंच करत होती. पोरंच येईनात, संस्था बंद पडली. आता बालवाडीत मदतनीस हाय. डी.एड.चं वय बी गेलं."

मी खिशातून सुटे पैसे काढून मोजायला लागलो.

"तुमच्या पत्राची लई वाट बघितली तिनं. रोज पोस्टमनला इचारायची. मग म्हणली, अब्बा, सर कमी बोलत्यात. काई वाईट असतं तर नक्की कळवलं असतं." त्यांनी पंप मारला. ज्योत निळी लागली. "बघा, झाला चांगला."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला काहीतरी बोलता आलं असतं.

घरी येऊन लिहायला बसलो. "प्रिय जाहिदा, हिर्डोशीत एकही खड्डा उरला नव्हता." पुढे ठकुबाईंचं सगळं सांगितलं. शेवटी लिहिलं, "हे मला तेव्हाच माहीत होतं." ती ओळ तीनदा खोडली आणि चौथ्यांदा लिहून तशीच ठेवली. या पत्रानं तिचं काही भलं होणार नाही. बालवाडीतून दमून आल्यावर ती ते वाचेल, आणि गेलेली सात वर्षं कुणामुळे गेली ते तिला कळेल.

वेल्ह्याच्या बालवाडीचा पत्ता घातला आणि चार वाजता, टपाल निघायच्या आत, पेटीत टाकलं.