मावशीच्या गळ्यातली शिट्टी

टोर्नेडो आला की जमिनीखाली जायचं आणि पूर आला की उंचावर, हे आमच्या खोऱ्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. दोन्ही एकदम आले तर काय करायचं, हे मात्र कुणी शिकवलं नव्हतं. एप्रिलमधल्या त्या गुरुवारी दोन्ही एकदम आले.

मी गावच्या अग्निशमन दलात बिनपगारी काम करतो. दुपारी धोक्याचा भोंगा झाला तसा मी ओपल मावशीला फोन लावला. वय ब्याऐंशी, एकटी राहायची, आणि तोंडाचा पट्टा असा की पाद्रीसुद्धा तिला वचकून असायचे.

"मावशी, परसातल्या तळघरात जा. टोर्नेडो तुझ्याच रोखानं येतोय."

"तिथं काय बटाट्यांशी गप्पा मारू? तीन दिवस पाऊस कोसळतोय, वेंडेल. ओढा तुडुंब भरलाय. पाणी शिरलं तर?"

"शिरलं तर वर ये. नाहीच जमलं तर शिट्टी फुंक, मी येतो."

शिट्टी मीच नाताळात दिली होती. 'भाच्यानं दिलं काय, तर शिट्टी! मला काय आता फुटबॉल खेळायचाय?' असं ती गावभर सांगत सुटली होती, पण गळ्यातून कधी काढली नाही.

"गुडघे उतरायला तयार आहेत, चढायचं त्यांना विचारून सांगते," म्हणाली आणि गेली.

टोर्नेडोनं खोऱ्याच्या वरच्या अंगाची नऊ घरं नेली. आम्ही गाडी काढली. रीत अशी की पडलेली घरं आधी, उभी मागाहून. मावशीचं घर वाटेतच होतं. छप्पर शाबूत, ओसरीवरच्या कुंड्यासुद्धा जागच्या जागी.

"थांबायचं का?" गाडी चालवणाऱ्या डार्लानं विचारलं.

"कशाला? म्हातारी एव्हाना वर येऊन कॉफी उकळत असेल. थांबलो तर तासभर शिव्या खाव्या लागतील."

हसलोसुद्धा मी. भोंगा वाजवत पुढं गेलो आणि वर दोन बहिणींना ढिगाऱ्यातून जिवंत काढलं. त्याबद्दल लोक अजून माझी पाठ थोपटतात. मला ते सहन होत नाही.

परतलो तेव्हा रस्ता ओढ्यानं गिळला होता. पाणी ओसरायला संध्याकाळ झाली. घरामागं अक्रोडाचं झाड तळघराच्या दारावर आडवं पडलं होतं. रस्त्यावरून ते दिसत नव्हतं. करवतीनं फांद्या कापून आम्ही दार उचललं. आत काठोकाठ पाणी. मावशी सगळ्यात वरच्या पायरीवर होती. गुडघ्यांनी तिला तिथवर आणलं होतं. शिट्टी दातांत घट्ट धरलेली.

दफनाच्या दिवशी ओढ्यापलीकडचा म्हातारा हॉलिस टोपी काढून माझ्याजवळ आला. मला धीर द्यायलाच आला होता बिचारा.

"स्वतःला दोष देऊ नकोस, पोरा. तिची शिट्टी ऐकली मी. मध्ये पाणी, मला पलीकडं येता येईना. जीव नुसता कासावीस. मग तुमच्या गाडीचा भोंगा ऐकू आला आणि शिट्टी थांबली. म्हटलं, सुटली बाई, वेंडेल पोचला. मग मी आत गेलो. ते झाडच हललं नसेल, त्याला तू काय करणार?"

मी मान हलवली. भोंगा ऐकून ती थांबली होती. आमची गाडी लांब गेल्यावर तिनं पुन्हा फुंकायला सुरुवात केली असणार, नाहीतर शिट्टी दातांत कशाला राहिली असती? हे मी हॉलिसला सांगितलं नाही.