डावी बाही

आमची रुचिका कपडे शिवायच्या कारखान्यात लागली तवा मला वाटलं, चला, आता जन्माची झंपरं फुकट शिवून मिळतील. कशाचं काय! दीड वर्षात पोरीनं निस्ती डावी बाही शिवली. सकाळपासून दिवे लागेपर्यंत डावी बाही. उजवी बाही दुसऱ्या पोरीकडं, गळा तिसरीकडं. पुरा झालेला कुर्ता तिनं कधी डोळ्यानं बघितला न्हाई.

रुचिका म्हंजी माझ्या धाकट्या बहिणीची, वत्सलाची लेक. बाप न्हाई पोरीला. कारखाना लई लांब, तिकडं दक्षिणेत. एजंट आलता तवा म्हणला, "राहणं फुकट, जेवण फुकट, तीन वर्षांनी लग्नापुरती रक्कम हातात." हे न्हाई सांगितलं भाड्यानं, की तीन वर्षं गेटच्या बाहेर पाय टाकायचा न्हाई, आधार कार्ड होस्टेलच्या वार्डनबाईच्या कपाटात, आन फोन रविवारी दहा मिनटं, तोबी वार्डनबाई पुढ्यात उभी राहून. दिंद्रुडात आमचं किराणा दुकान हाय. त्या दुकानातलं मांजर यापेक्षा मोकळं फिरतं.

गेल्या महिन्यात वत्सलाच्या पित्ताशयात खडे निघाले. अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात गुरुवारी ऑपरेशन ठरलं. डॉक्टर म्हणले, आता लांबवलं तर जिवावर बेतंल. आन ही बया हटून बसली, "पोरीला बघितल्याबिगर मी टेबलावर चढत न्हाई." हट्ट आमच्या माहेरचाच हाय, त्याला इलाज न्हाई. वार्डनबाईला सतरा फोन केले. एकच जवाब, "सुट्टी नाही, ऑर्डर चालू आहे." माय मरायला टेकली तरी ऑर्डर!

मग रुचिकाचे कुर्ते ज्या कंपनीच्या नावानं विकतात, तिच्या पिशवीवरल्या नंबराला फोन लावला. एक गोड आवाजाची पोरगी म्हणली, "तक्रार साइजची, रंगाची की शिलाईची?"

मी म्हणलं, "शिवणारणीची."

"सॉरी मॅडम, त्याला ऑप्शन नाही."

ऑप्शन न्हाई म्हणं! माझं डोकंच फिरलं. रविवारी दशम्या बांधल्या, आमच्या मालकांना बरोबर घेतलं आन त्या कंपनीचं अंबाजोगाईचं शोरूम गाठलं. आत सेल लागलेला, बायकांची ही गर्दी. रुचिकानं सांगितलेलं मला पाठ होतं: कुर्त्याच्या आतल्या शिवणीला पांढरी पट्टी असती, तिच्यावर लाइनीचा, म्हंजी मशिनींच्या रांगेचा नंबर. तिची लाइन सात. ढिगातले कुर्ते उलटेपालटे करत गेले आन सापडला. मोरपंखी रंगाचा, पट्टीवर सात. त्या डाव्या बाहीवरून हात फिरवला, कानशिलावर कडाकडा बोटं मोडली, आन मला रडूच फुटलं. दीड वर्षांनी पोरीला हात लागला होता.

ट्रायल रूमपाशी अस्मा नावाची पोरगी टोकन वाटत उभी होती. तिनं विचारलं, "किती कपडे, मावशी?"

"एकच," म्हणलं, आत गेले आन कडी घातली.

पंधरा मिनटांनी तिनं दार वाजवलं. मी आतून म्हणलं, "बाई, माझी भाची तिकडं कोंडलीय, मी इकडं कोंडून घेतलंय. ती सुटली की मी सुटते. तुझ्या सायबाला सांग."

साहेब आला. श्रीशैल नावाचा, आवाजावरून कोवळाच वाटला. "मॅडम, कारखाना आमचा नाही. आम्ही फक्त विकतो."

"आमीबी दुकानदार हाव, बाळा. तांदळात खडा निघाला तर गिऱ्हाईक पुडी माझ्या तोंडावर आणून मारतं. मी त्याला म्हणते का, जा, शेतकऱ्याला विचार? विकला मी, तर निवडायचाबी मीच."

श्रीशैलनं आमच्या मालकांना गाठलं. ते सोफ्यावर पिशव्या मांडीवर घेऊन बसलेले. "काका, तुम्ही तरी समजावा."

मालक म्हणले, "बत्तीस वर्षं झाली प्रयत्न करतोय. आता तुमी करून बघा."

बाहेर रांग वाढली. एक बाई करवादली, "अहो बाई, निघा की! आमाला काय उद्योग न्हाईत का?" मग मी दारामागून समदं सांगितलं. वत्सलाचे खडे, वार्डनबाई, गेट, डावी बाही, पट्टीवरला नंबर. बाहेर कुर्ते उलटायची खसखस ऐकू आली. मग तीच बाई म्हणली, "माझ्या कुर्त्यात बारा नंबर हाय. बारा नंबरची पोर घरी जाते का हो, साहेब?" दुसरी म्हणली, "माझ्यात नऊ." श्रीशैल म्हणला, मला कसं माहीत असणार. "मग माहीत करून घ्या," बारा नंबरवाली म्हणली, आन कुर्ता काउंटरवर टाकला. तिच्यामागं दहा-बारा बायकांनी टाकले, मालकांनी मागनं सांगितलं. कुणीतरी मोबाइल काढून शूटिंग धरलं, तसा श्रीशैल वरच्या सायबांना फोन करायला पळाला.

तीन वाजता दारावरून अस्मानं फोन आत दिला, पलीकडं रुचिका. "मावशी, मला गेटच्या बाहेर सोडलंय. आधार कार्डबी दिलं."

"गाडीत बस, मग कडी काढते," म्हणलं. माझा कुणावर इस्वास न्हाई. पाच वाजता परत फोन आला, इंजिनाची शिट्टी ऐकली, तवा बाहेर आले. पाय पार लाकूड झालते. कुर्ता श्रीशैल फुकट देत होता. मी पैसे मोजून घेतला.

रुचिका मंगळवारी आली. वाळून काटकी झालेली. गुरुवारी वत्सला हसत टेबलावर चढली आन हसतच उतरली. संध्याकाळी खाटेपाशी मी कुर्ता काढला, "घाल, तुझाच हाय."

तिनं डावा हात घातला. उजवा घालताना थांबली. उजव्या बाहीवरून बोट फिरवत बसली.

"ही झुनूची, मावशी. उडीसाची हाय. माझ्या बाजूच्या मशीनवर बसते. तिची माय फाल्गुनात गेली. वार्डनबाईनं तिला महिन्यानं सांगितलं, ऑर्डर संपल्यावर."

"आन मग? घरी धाडलं का न्हाई?"

"न्हाई. बाप अजून वाट बघतोय." मग हळूच म्हणली, "तिला मावशी न्हाई."

कुर्ता मी बघितला होता, कवटाळला होता, आन एवढ्या वेळात उजव्या बाहीकडं माझं लक्षसुदिक गेलं न्हवतं.

पुढल्या रविवारी दशम्या जरा जास्त बांधल्या, बसायला एक पाट घेतला आन कुर्ता पिशवीत टाकला. मालकांनी न विचारता चप्पल घातली. शोरूमात मला बघून श्रीशैल खुर्चीवर मटकन बसला. अस्मानं मात्र टोकन आधीच काढून ठेवलं होतं.

"किती कपडे, मावशी?"

"एकच. आज उजवी बाही."